बरडीवरची ऑस्ट्रेलियन बाभूळ

मनसर मागे टाकून रामटेककडे वळलं की मे महिन्यात डोंगर करडा दिसतो. सागाची पानं गळालेली, सालईची खोडं उघडी पडलेली, पळसाचा बहार केव्हाच ओसरलेला. त्या करड्या रंगात पायथ्याकडे मध्येच एखादा गर्द हिरवा तुकडा दिसतो. जवळ जाऊन पाहिलं तर तो बहुधा माणसांनी लावलेला निघतो. कुठे करंज, कुठे निलगिरी, कुठे विळ्यासारख्या वाकड्या पानांची ऑस्ट्रेलियन बाभूळ.

अशाच दीड एकराच्या तुकड्यात बसून झालेला हा वाद आहे. जमीन एका निवृत्त वनपालांची, झाडं त्यांनीच लावलेली. त्यांची भाची नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मागच्या वर्षीच्या वादळात दोन झाडं मुळासकट उलटली, आणखी काही आतून पोखरली गेली आहेत. तेव्हा ही बरडी मोकळी करून या पावसाळ्यात नवी लागवड करायची, असं घरात ठरलं. लावायचं काय, यावर मात्र मामा-भाचीचं बिनसलं. मामांना तेच झाड पुन्हा हवं होतं. नमुन्याला म्हणून रोपवाटिकेतून एक पिशवी ते घेऊनही आले होते. भाचीला त्याचं एकही रोप नको होतं. दोघंही झाडांवर जीव टाकणारी माणसं, म्हणून त्यांचं बोलणं शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत देतो आहे.

“मले एक सांग,” मामांनी सुरुवात केली, “या जाग्यावर आधी काय होतं? तू लहान होती तवाची गोष्ट आहे. नुसता मुरूम. धड गवत नव्हतं. पाऊस आला का लाल पानी नाल्यात वाहून जाये. सागाचे स्टंप लावले, मेले. आवळा लावला, बकऱ्यांनी खाल्ला. मंग हे लावलं. ना पानी दिलं, ना कुंपन केलं. तिसऱ्या वर्षी माह्या डोक्याच्या वर गेलं. उपकार इसरू नये बापा.”

“उपकार नाकारत नाही, मामा. पण तुम्ही झाडाची वाढ सांगता. मी विचारते, या झाडाबरोबर दुसरं काय वाढलं?”

“आधी झाड तं पाह्य. तुमच्या पुस्तकात जे लिहिलं अशीन ते सोड.”

“पुस्तक कशाला? ही तुमचीच पिशवी घ्या.”

तिने रोप हातात घेतलं. वीतभर उंचीचं. आणि त्या वीतभरात तिने जे दाखवलं ते मी आजवर या झाडाखालून कितीतरी वेळा जाऊनही पाहिलं नव्हतं. खोडाच्या अगदी बुडाशी दोन-तीन नाजूक पानं होती, हुबेहूब आपल्या बाभळीसारखी: मधला दांडा, त्याला फाटे, आणि फाट्यांवर ओळीने बारीक पर्णिका. त्याच्या वर एक विचित्र पान. टोकाला तशाच पर्णिका, पण दांडा मात्र पसरट, हिरवा झालेला. त्याच्याही वर टोकाच्या पर्णिका पार नाहीशा आणि राहिलेला तो पसरट दांडाच, लांब, किंचित वाकलेला, आडव्या नव्हे तर लांबीच्या दिशेने गेलेल्या शिरांचा.

“हे जे तुम्ही पान म्हणता, ते पान नाहीच. पानाचा देठ आहे. पर्णवृंत. झाड लहानपणी खरी पानं काढतं, मग ती सोडून देतं आणि देठालाच पान करतं. पर्णाभवृंत म्हणतात त्याला. मोठ्या झाडावर बाभळीसारखं एकही पान सापडणार नाही. एका रोपात सगळा प्रवास दिसतो.”

मामा वाकून पाहत राहिले. “रोपवनात हजारो पिशव्या मोजल्या. बुडाची पानं पाह्यली होती, पन हे ध्यानात नाही आलं कधी. काहून असं करते ते?”

“पाणी वाचवायला. बारीक पर्णिकांतून पाणी भराभर उडतं. हा देठ जाड आहे, कातडीसारखा आहे, आणि झाडावर तो उभा लोंबतो. दुपारचं ऊन त्याच्या धारेवर पडतं, पसरट अंगावर नाही. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तेवढं अंगावर घेतं.”

“म्हंजे आपल्या इथल्या उन्हासाठीच घडलं म्हन.”

“घडलं ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत, पापुआ न्यू गिनीत. डार्विन शहराच्या आसपास ते मूळचं आहे. तिथेही आपल्यासारखेच चार-सहा महिने पावसाचे आणि उरलेले कोरडे.”

“मंग झालं तं!”

“नाही झालं. तिथली हवा इथल्यासारखी असेल, पण तिथे त्याला खाणारे होते. पानं कुरतडणारे किडे, बी फोडणारे पक्षी, लाकूड पोखरणारे भुंगे. बी इकडे आलं ते एकटं आलं. तुम्ही ज्याला गुण म्हणता ना, बकरी तोंड लावत नाही, तोच माझा आक्षेप आहे. हिवराच्या शेंगा बकरी खाते, बाभळीच्या खाते. बोराला पाखरं येतात. मोहाला अस्वलापासून माणसापर्यंत सगळे येतात. या झाडाकडे कोण येतं?”

“मधमाशी येते. पिवळा फुलोरा आला का गुनगुन असते इथं.”

“परागासाठी येते. फुलात मध नसतो याच्या. मध आहे तो दुसरीकडे.” तिने देठाच्या तळाशी असलेला एक बारीक ठिपका नखाने दाखवला. “ही ग्रंथी. गोड रस इथे पाझरतो, म्हणून मुंग्या फिरतात. मुंग्या येतात, मधमाशा येतात, हे कबूल. पण एवढ्यावर जंगल उभं राहत नाही.”

इथे मामांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि खुरप्याच्या टोकाने प्लास्टिक फाडलं. माती हलक्या हाताने झटकली. बारीक मुळांना मोहरीएवढ्या गाठी लागलेल्या होत्या. त्यांनी एक गाठ नखाने चिरडली. आतून गुलाबी.

“वरचं तू दाखवलं, खालचं मी दाखवतो. हे काय आहे, ते तूच सांग या भाऊले.”

ती हसली. “नत्राच्या गाठी. आत जिवाणू असतात, हवेतला नत्र ते झाडाला देतात. आत गुलाबी दिसतं म्हणजे गाठ कामावर आहे.”

“मुरमात खत कोन टाकनार होतं? यानंच टाकलं. वरून पानं गाळली, तुह्या भाषेत देठ गाळले. आता खाली पाह्य जमीन.”

मामांनी पाचोळा बाजूला सारला. वरचा थर कोरडा, करकरीत, ओळखू येण्याजोगा. त्याखालचा तपकिरी, अर्धवट कुजलेला. आणि त्याच्याही खाली, बोटभर का होईना, काळसर भुसभुशीत माती होती. पाच पावलांवर, झाडांच्या सावलीबाहेर, लालसर मुरूम जसाच्या तसा होता. माझ्या मते या सबंध वादात मामांचा सगळ्यात मोठा पुरावा हाच. बोटभर माती ही लहान गोष्ट नाही. ज्याने बरडीवर कुदळ मारली आहे त्याला तिची किंमत ठाऊक असते.

भाचीनेही ती मान्य केली, पण पाचोळ्याचा वरचा थर मुठीत घेऊन ती म्हणाली, “ही पानं जाड, त्यात टॅनिन जास्त. लवकर कुजत नाहीत. पळसाचं, चारोळीचं पान पावसाळ्यात विरून जातं, हे साचत राहतं. आणि साचलेल्या पाचोळ्याला एप्रिल-मेमध्ये विडीची ठिणगी पुरते.”

“वनवा तं सागाच्या पाल्यालेही लागते.”

“लागतो. पण साग, पळस बुडापासून पुन्हा फुटतात. पळस तर जाळून जाळून संपत नाही. हे झाड तोडलं किंवा जाळलं तर बुडापासून नीट फुटत नाही. मग येतं ते बियांतून. त्याचं बी कसं रुजवायचे तुम्ही?”

“उकळत्या पान्यात टाकाचं, लगेच काढाचं, मंग रातभर थंड पान्यात. टरफल लय कडक. त्याशिवाय रुजतच नाही.”

“वणवा तेच काम करतो, मामा. उकळतं पाणी काय आणि जमिनीवरून गेलेली आग काय, बीला उष्णताच हवी असते. अनेक वर्षं बी मातीत पडून राहतं आणि आगीनंतर उगवतं. तिकडच्या वाटलची, म्हणजे तिकडच्या बाभळींची, ही सवयच आहे.”

मामांनी झाडाखालून एक वाळकी शेंग उचलली. चपटी, लाकडासारखी कडक, पिळवटून कानासारखी वळलेली. या झाडाच्या शास्त्रीय नावात, अ‍ॅकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिसमध्ये, तो कानच आहे. शेंग उकललेली होती. आत चकचकीत काळं बी, आणि ते एका नारिंगी-पिवळ्या दोरीला लोंबकळलेलं. रंगीत दोरी पाखरासाठी. पाखराने दोरीसकट बी उचलावं आणि दूर कुठेतरी टाकावं, ही झाडाची सोय.

“मी पंचवीस वर्षं पाह्यतो,” मामा म्हणाले, “या दोरीच्या भरवशावर इथं किती रोपं उगवली? सावलीबाहेर एकही दाखव.”

ती उठून खरंच फिरली. तिला सापडलं नाही. ते तिने आल्यावर सरळ सांगितलं. “इथे नाही. इथे पाऊस अकराशे मिलिमीटरच्या आसपास, उन्हाळा कडक. पण कोकणात सडे आणि रस्त्यांच्या कडा पाहा. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये हेच झाड शोभेसाठी नेलं आणि आता ते उपद्रवी वनस्पतींच्या यादीत आहे. निलगिरी पर्वतात टॅनिनसाठी काळी वाटल आणली, तिने शोला जंगलाशेजारची गवताळ कुरणं गिळली.”

“ते झाड वेगळं न?”

“वेगळं. अ‍ॅकेशिया मर्न्सी. त्याची पानं मोठेपणीही बाभळीसारखीच राहतात. पण घराणं एक.”

“घरान्यावरून शिक्षा देऊ नये पोरी. ज्यानं केलं त्याले धर.”

मामांचं हे म्हणणं मला पटलं. परक्या झाडांविषयी बोलताना आपण सरसकट बोलतो. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ, विलायती बाभूळ ही सगळी एका वाक्यात मोडीत काढली जातात. वास्तविक प्रत्येकाची चाल निराळी. सुबाभूळ तोडली की बुडापासून झुडपासारखी फुटते आणि बी इतकं टाकते की तिला आवरणं कठीण. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनहून चाऱ्यासाठी तिचा प्रसार केला, तेव्हा दुष्काळी भागातल्या जनावरांचा विचार त्यामागे होता. ऑस्ट्रेलियन बाभळीचा मार्ग वेगळा. भारतात ती १९४६ मध्ये बंगालात आली, आणि ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाचे कार्यक्रम देशभर सुरू झाले तेव्हा पडीक जमीन, रस्त्यांच्या कडा, कालव्यांचे काठ यांवर पसरली. महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचं स्वतंत्र खातं १९८२ सालचं. त्या काळात जंगलावरचा सरपणाचा ताण कमी करणं हा हेतू होता आणि तो प्रामाणिक होता.

मामा त्याच काळातले. “तुमाले वाटते आमाले देशी झाडं समजत नव्हती. माह्या बीटात धावडा, भेरा, रोहन, बिजा, लेंडिया, सगळी होती. पन वरून साहेब आला का इचारे, जिवंत रोपांची टक्केवारी किती? बिजा लावला तं शंभरातले वीस जगत. याचे नव्वद जगत. माह्या जागी तू असती तं काय लावलं असतं? अन् बायांचं पाह्य. पहाटे उठून डोंगरातून मोळी आनत. या बरडीच्या फांद्यांवर आमच्या मोहल्ल्यातल्या चुली पेटल्या. लाकूड जड आहे, धूर कमी, आच चांगली. तेवढा साग, तेवढा धावडा डोंगरात उभा रायला का नाही?”

“राहिला.” भाची काही वेळ गप्प होती. “टक्केवारी हाच घोळ आहे, मामा. जे मोजलं तेच लावलं गेलं. जगलेलं रोप मोजलं, त्याच्यावर बसलेलं पाखरू कुणी मोजलं नाही.”

हे वाक्य मी मुद्दाम लिहून घेतलं. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत महाराष्ट्राने वृक्षलागवडीची उद्दिष्टं ठेवली ती दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी अशी. एवढे आकडे गाठायचे म्हटलं की रोपवाटिका साहजिकच अशी रोपं करतात जी झटपट होतात, सहज जगतात आणि फोटोत हिरवी दिसतात. रामटेकसारख्या पानगळीच्या प्रदेशात तर हा हिरवेपणाच फसवा ठरतो. इथलं जंगल उन्हाळ्यात निष्पर्ण असतं, तीच त्याची तब्येत. पानं टाकून ते पाणी राखतं, मोकळ्या फांद्यांवर पळस फुलतो, काटेसावर फुलते, मोह टपकतो. मे महिन्यात हिरवा दिसणारा डोंगर चांगला आणि करडा दिसणारा डोंगर मेलेला, ही समजूत बाहेरच्या पर्यटकाची. ती वनीकरणाच्या धोरणात शिरली तेव्हा नुकसान झालं.

मग बोलणं कालिदासावर गेलं. रामटेकात ते जाणारच. वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक हे साधार मांडलं, तेव्हापासून इथल्या माणसाला यक्ष शेजारचाच वाटतो. भाची म्हणाली, “मेघदूताच्या पहिल्याच श्लोकात इथल्या दाट सावलीच्या झाडांचा उल्लेख आहे. आणि यक्ष ढगाचं स्वागत करतो ते कशाने? कुटजाच्या ताज्या फुलांनी. म्हणजे आपला कुडा. आषाढाच्या तोंडावर डोंगरातला कुडा फुललेला असतोच. ज्या डोंगराची ओळखच इथल्या झाडांनी झाली, तिथे आपण डार्विनचं झाड लावायचं?”

“कालिदासाच्या टायमाले इथं मँगनीजची खान नव्हती,” मामा म्हणाले. “मनसरच्या बाजूले जे मातीचे ढीग पडले, त्याच्यावर लाव तुहा कुडा. पाह्यतो कसा जगते.”

हा टोला वर्मी बसावा असाच होता, कारण मनसर, कांद्री, गुमगाव ही मँगनीजच्या खाणींची नावं नागपूर जिल्ह्यात सगळ्यांना माहीत. खाणीतून वर काढलेल्या मातीत सेंद्रिय अंश नसतो, पाणी टिकत नाही, मुळांना लागणारे सूक्ष्मजीव नसतात. ऑस्ट्रेलियन बाभूळ अशा जागीही तग धरते. आम्ल माती, खारी माती, वाळू, चिकणमाती, तिला फारसा फरक पडत नाही. पण भाचीकडे उत्तर होतं. नागपूरच्याच ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडं वाढवून दाखवली. साखर कारखान्यातला प्रेसमड मातीत मिसळला, नत्र बांधणारे जिवाणू आणि मुळांशी नातं जोडणारी बुरशी रोपांना दिली, आणि सागासारखी इथली झाडं त्या ढिगाऱ्यावर उभी राहिली.

“म्हणजे जे काम आपण परक्या झाडाकडून करून घेतो,” ती म्हणाली, “ते माती तयार करून इथल्या झाडाकडूनही होतं. मेहनत जास्त लागते, एवढंच.”

“मेहनत, पैसा अन् नीरीतले साहेब. आमच्या बरडीवर कोन येते?”

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही.

मध्ये मामांचा नातू येऊन बसला होता, क्रिकेटवेडा. त्याला कळेना की या झाडावरून एवढं भांडण का. तेव्हा भाचीने त्याला सांगितलं की ऑस्ट्रेलियाचा संघ जो हिरवा-सोनेरी पोशाख घालतो, ते रंग या झाडाच्या भाऊबंदांचे आहेत. गोल्डन वाटल हे १९८८ पासून त्यांचं राष्ट्रीय फूल, आणि १ सप्टेंबरला ते वाटल दिवस पाळतात. गोल्डन वाटलचं फूल आपल्या बाभळीसारखं गोल, पिवळा गोंडा. या झाडाचा फुलोरा मात्र लांबट, बोटभर कणसासारखा. फुलावरूनच दोन्ही वेगळी ओळखता येतात.

“आणि एक सांगू?” ती मामांकडे वळली. “अ‍ॅकेशिया हे नाव आधी आपल्या बाभळीचं होतं. त्या नावाचा प्रमाण नमुनाच बाभळीचा. पुढे कळलं की बाभूळ, खैर आणि ऑस्ट्रेलियातली झाडं एका वंशात बसत नाहीत. मग नाव कुणाकडे ठेवायचं? ऑस्ट्रेलियात जवळजवळ हजार जाती. त्यांची नावं बदलण्यापेक्षा आपली बदलणं सोपं, म्हणून २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अ‍ॅकेशिया त्यांच्याकडे गेलं, २०११ मध्ये मेलबर्नला ते पक्कं झालं. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया, खैर सेनेगालिया.”

“नाव काही ठेवा,” मामा म्हणाले, “काटा तोच टोचते.”

पण काट्यावरूनच पुढचा मुद्दा निघाला, आणि माझ्या मते वादाची दिशा इथे बदलली. ऑस्ट्रेलियन बाभळीला काटा नाही. तिच्या खाली गुरं निवांत बसतात, माणसं चालतात, आणि तिथे उगवलेलं दुसरं रोप तुडवलं जातं. मामांनी मात्र काही वर्षांपूर्वी एका कोपऱ्यात, दोन झाडांच्या मध्ये, कुंपणासाठी तोडलेल्या बोरीच्या काटेरी फांद्या टाकून ठेवल्या होत्या आणि विसरून गेले होते. भाची फिरून आली ती त्या कोपऱ्यातून. तिने आम्हाला तिकडे नेलं. फांद्या कुजत आल्या होत्या. त्यांच्या जाळीतून कडुनिंबाची पाच-सहा रोपं वर आली होती, एक बेल होता, दोन बोरी, आणि गुडघ्याएवढा एक हिवर. बाकीच्या दीड एकरात खाली तरोटा आणि थोडी रायमुनिया, दुसरं काही नाही.

“हे कोनी लावलं?” मामांनी विचारलं.

“बहुतेक पाखरांनी. तुमच्या झाडांवर बसून.”

मामा उकिडवे बसले. हिवराचं रोप त्यांनी बोटांनी चाचपलं, काट्यांच्या जोड्या पाहिल्या. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सावली याची, माती याची, बी दुसऱ्याचं.”

“हेच मी म्हणते. हे झाड पहिलं म्हणून चांगलं आहे, मामा. दुसऱ्या पिढीलाही तेच लावलं तर बोटभर माती झाली ती फुकट जाईल. तयार जमिनीवर पुन्हा मुरमातलं झाड कशाला?”

“मंग सगळं तोडून टाकू म्हनते?”

“मुळीच नाही. एकदम तोडलं तर ही रोपं एका उन्हाळ्यात करपतील.”

यापुढचं बोलणं कामाचं होतं. पोखरलेली झाडं हिवाळ्यात काढायची. बुडापासून ती नीट फुटत नाहीत, ही इथे सोयच. सुबाभूळ असती तर खोडं खणत बसावं लागलं असतं. मोकळ्या झालेल्या जागी काटेरी फांद्यांचं कुंपण करायचं, आत पाखरांनी आणलेलं जे उगवेल ते ठेवायचं, आणि जे पाखरू आणत नाही ते आपण लावायचं: पळस, मोह, बिजा. धडधाकट झाडं सावलीसाठी अजून काही वर्षं उभी ठेवायची आणि दर हिवाळ्यात थोडी थोडी कमी करायची. मामांनी एक अट घातली. रस्त्याकडची ओळ ते जिवंत असेपर्यंत तोडायची नाही. भाचीने ती मान्य केली. रोपवाटिकेतून आणखी पिशव्या आणून नाल्याच्या काठाला लावू, असंही ते म्हणाले. त्याला तिने ठाम नकार दिला, कारण नाल्याच्या पाण्याबरोबर बी खाली कुठवर जाईल ते कुणाच्या हातात राहत नाही. त्यावर दोघांचं अजूनही एकमत नाही.

माझं मत मी स्पष्ट सांगतो. रामटेकच्या डोंगरावर, त्याच्या पायथ्याला, पेंचच्या जंगलालगतच्या गावांत यापुढे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावू नये. तिच्या नावाने बोटं मोडण्याचं कारण नाही. मुरमावर तिने जे केलं ते दुसऱ्या झाडाने तितक्या लवकर केलं नसतं. पण जिथे ती पंचवीस-तीस वर्षांची झाली आहे, तिथे तिचं काम झालेलं आहे. वादळात उन्मळणारी, आतून पोखरलेली झाडं हेच सांगतात. या वयाची रोपवनं विदर्भात आणि कोकणात पुष्कळ आहेत, आणि ती एकाच वेळी म्हातारी होत आहेत. ती तोडून त्या जागी काय येणार, हे ठरवण्याची वेळ आत्ताची आहे. ज्यांच्या बांधावर, शाळेच्या आवारात, संस्थेच्या पडीक जागेत अशी जुनी झाडं असतील त्यांनी कुऱ्हाड चालवण्याआधी त्यांच्या खाली वाकून पाहावं. तिथे आपणहून काय उगवलं आहे ते जपावं आणि मोकळ्या जागी इथलं बी पेरावं.

मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, जूनमध्ये झाडाखाली पडतात. शिळ्या झाल्या की रुजत नाहीत, दोन-तीन आठवड्यांतच पेराव्या लागतात. पळसाची चपटी शेंगही त्याच सुमारास वाऱ्याने गळते. दोन्ही फुकट मिळतात. ज्यांना या पावसाळ्यात लावायचं आहे त्यांनी पहिला पाऊस पडायच्या आत पिशवी घेऊन डोंगराच्या पायथ्याला जावं.